वाढलेल्या बांगड्या

टपालवाला यल्लाप्पा बेळगुंदीत आला की आधी पाटलाच्या कट्ट्यावर टेकायचा, पाणी मागायचा, कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून माहेरी गेली याची चौकशी करायचा आणि मग सावकाश पिशवीत हात घालायचा. चैत्रातल्या त्या सकाळी त्यानं पाणी मागितलं नाही. सरळ बायाक्काच्या घरासमोर येऊन उभा राहिला, तोही दारापासून लांब, गोठ्याच्या अंगाला. हातातलं कार्ड त्यानं दोन बोटांच्या चिमटीत धरलं होतं, पोरं मेलेली पाल शेपटीला धरतात तसं.

बायाक्काची सून मनुबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. तिनं आधी यल्लाप्पाचं तोंड बघितलं, मग कार्ड. कार्डाचा वरचा उजवा कोपरा नव्हता.

कोपरा नसलेलं कार्ड बेळगुंदीत अडाण्यालाही वाचता येई. कुणी मेलं की कळवणारा कार्डाचा कोपरा फाडून मगच ते टपालात टाकी. घेणारा ते उंबऱ्याच्या आत नेत नसे. बाहेरच्या बाहेर वाचायचं, फाडून टाकायचं आणि अंघोळीला पाणी ठेवायचं.

"आक्का," यल्लाप्पा आत बघून हळूच म्हणाला, "पलटणीचं हाय."

बायाक्काचा थोरला, मनुबाईचा नवरा बसवंत पलटणीत होता. जर्मनाची लढाई लागली तशी पलटण बेळगावच्या कँपातून निघाली, मुंबईला गेली आणि तिथून आगबोटीत बसून बसऱ्याला. बसरा कुठं आहे हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. खानापूरच्या पलीकडं आहे, एवढं नक्की.

बायाक्का हातातला तवा तसाच घेऊन बाहेर आली. "वाच की रं."

"मला मराठी अक्षर कुठं येतंय, आक्का? कानडी असतं तर वाचलो असतो."

मास्तर बेळगावला गेलेले. पाटील शेताकडं. वाचणारं तिसरं माणूस गावात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर वाचायची गरज आहे असं कुणाला वाटलंही नाही. यल्लाप्पानं कार्ड गोठ्याच्या कुडाला खोचलं आणि पाणी न पिता तो निघून गेला. बायाक्काच्या हातातला तवा पडला. तेवढ्या आवाजानं शेजारची मालुबाई आली.

मालुबाई विधवा होती, आणि असल्या वेळी काय करायचं हे गावात तिच्याइतकं कुणाला येत नव्हतं. बारशाला तिला कुणी बोलावत नसे. त्याची भरपाई ती अशी करायची. तिनं चुलीवर पाणी ठेवायला लावलं, मनुबाईला अंगणातल्या दगडावर बसवलं, तिचं कपाळ पदरानं पुसलं आणि दोन्ही हात धरून दगडावर आपटले. हिरवा चुडा होता, संक्रांतीला भरलेला. काचा तांदळात गेल्या.

आमच्याकडं बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. जे तोंडातून काढायचं नाही त्याला आपण हा एक शब्द करून ठेवलाय. मालुबाईही रडत रडत तेच म्हणाली, "वाढल्या गं बाई माज्या लेकीच्या बांगड्या, वाढल्या!"

मनुबाई रडली नाही. काही तरी चुकतंय असं तिला वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं. तिचं लक्ष सारखं तांदळातल्या काचांकडं जात होतं. आता हे निवडायचं कसं?

मालुबाईनं तिच्या गळ्यातल्या डोरल्याला हात घातला तेव्हा मास्तर आले. बेळगावहून चालत आलेले, धुळीनं माखलेले, हातात काढलेल्या वहाणा. आकांत ऐकून ते तसेच गोठ्याकडं गेले आणि कुडाचं कार्ड काढून त्यांनी वाचलं. मग परत वाचलं.

"मालुबाई," ते म्हणाले, "हात सोडा तिचा. अहो, बसवंतानं स्वतः लिहिलंय. मी खुशाल आहे म्हणतोय."

अंगणात सगळं थांबलं. बायाक्कानं तोंडातला पदर काढला.

मास्तरांनी मोठ्यानं वाचलं. तीर्थरूप मातोश्रींच्या चरणी बसवंताचा नमस्कार. मी खुशाल आहे. इकडं थंडी पडली आहे. खाकी लोकरीचा कोट मिळाला आहे. भावकूस सांगणे, तांबडा बैल विकू नये. खालच्या वाफ्यातली रताळी कुणी काढली, ते कळवणे. त्यानंतरच्या ओळींवर कुणीतरी काळी शाई फासली होती. मास्तरांनी कार्ड उन्हात धरलं, तिरकं केलं, पाठीमागून बघितलं.

"काय दिसत नाही. सरकारची शाई चांगली असते."

"आन् कोपरा?" बायाक्का म्हणाली. "कोपरा कुणी फाडला मग?"

"फाडला नाही, कापलाय. हे बघा, कात्रीनं. आपण पत्राला वर उजव्या हाताला काय घालतो? गाव आणि तारीख. पलटण कुठं आहे हे कुणाला कळू नये म्हणून त्यांच्याकडं एक साहेब बसवलाय. तो सगळी पत्रं उघडून बघतो. यानं तिथं गावाचं नाव घातलं असणार. त्यानं कापून टाकलं."

"मुडदा बशिवला त्या सायबाचा," मालुबाई म्हणाली. तिच्या हाताला काच लागून रक्त येत होतं. "त्येच्या घरात कुणी मरत न्हाई व्हय? कोपरा कापायचा न्हाई हे कळत न्हाई त्येला?"

त्यावर पहिल्यांदा बायाक्का हसली. हसता हसता रडली, मग परत हसली. दारात जमलेल्या बायकाही हसायला लागल्या. मनुबाईनं मात्र मास्तरांना विचारलं, तेही बायाक्काच्या आडून, हळू आवाजात:

"म्हंजी जित्ते हायेत. पर कवा?"

"काय कवा?"

"ह्ये लिवलं तवा जित्ते हुते. लिवलं कवा?"

मास्तरांनी परत कार्ड बघितलं. तारीख कोपऱ्याबरोबर गेली होती. वरचा शिक्का पुसट. थंडी पडली आहे म्हणतोय म्हणजे कार्तिकात असेल, पौषात असेल. आता चैत्र होता. मास्तर खरं बोलणारा माणूस होता, त्यामुळं ते काहीच बोलले नाहीत.

*

मग प्रश्न बांगड्यांचा आला. बायाक्का म्हणाली, नवरा जिवंत, मग भरायच्या. मालुबाई म्हणाली, त्याच्या नावानं वाढवलेला चुडा असा कुणाच्याही सांगण्यावरून परत चढत नाही. त्याचं दुसरं कार्ड येऊ दे, धडक्या कोपऱ्याचं. तिच्या बोलण्यात थोडं शास्त्र होतं आणि थोडी लाज. आपण चुकलो हे जितकं उशिरा ठरेल तितकं तिला बरं होतं. पाटलानं विचार केल्यासारखं केलं आणि सांगितलं, "येईल की महिन्याभरात कार्ड. तवर थांबा."

दुसरं कार्ड आलं नाही. वैशाख गेला, पेरण्या झाल्या, भाताची रोपं लागली, कार्ड नाही. नुसतं बायाक्काकडं नाही, कुणाकडंच नाही. वरच्या आळीच्या राजाबाईचा नवरा त्याच पलटणीत होता. तिच्याकडं पूर्वी न चुकता कार्ड यायचं, तेही थांबलं. पण तिचा चुडा दोन्ही हातांत होता, त्यामुळं तिला कुणी काही विचारत नव्हतं.

मनुबाईचं मोठं विचित्र झालं. गळ्यात डोरलं, हात बोडके. हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, बायकांना कळेना. पाटलाच्या घरच्या लग्नात ती सवाष्णींच्या पंगतीत बसली तर दोघी-तिघी गप्प झाल्या, उठून मालुबाईजवळ गेली तर मालुबाईच ओरडली, "हिकडं कशाला आलीस गं? जा तिकडं!" शेवटी ती वाढायला उभी राहिली. वाढणाऱ्याला कुठल्याच पंगतीत बसावं लागत नाही. त्या दिवशी तिनं इतका भात वाढला की लोक नको नको म्हणायला लागले.

मास्तरांकडं बेळगावचं एक साप्ताहिक यायचं. पूर्वी त्यात लढाईचं पानभर असे. मग सरकारनं संपादकाकडं जामिनाचे पैसे मागितले, आणि तेव्हापासून त्यात पावसाचं मान, देवीच्या यात्रा, गुळाचा भाव आणि साहेबाच्या मडमेनं मुलींच्या शाळेत वाटलेली बक्षिसं येऊ लागली. लढाई सोडून सगळं येई. मास्तर एकदा हिंमत करून कँपात विचारायला गेले. तिथल्या कारकुनानं त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, सगळं उत्तम चाललंय म्हणून सांगितलं, आणि निघताना विचारलं, "मास्तर, आपली शाळा सरकारी ना?" त्यानंतर मास्तरांनी विचारणं सोडलं. मनुबाईला दिसले की ते वाट वाकडी करून जायचे. तिला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या घरी खाणारी तोंडं होती.

तिला एवढंच हवं होतं: हो किंवा नाही. हो असेल तर बांगड्या भरीन, नाही असेल तर डोरलं उतरवीन, रडीन, काय करायचं ते करीन. पण सकाळी उठल्यावर आज आपण कोण आहोत, हे रोज नव्यानं ठरवायला लागणं तिला सोसत नव्हतं. बसवंताला वाढून ठेवलेल्या ताटासारखी ती झाली होती. झाकलंय, पण जेवणारा येणार की नाही, कुणी सांगेना.

*

श्रावण लागला, लावण्या संपल्या, तसा भरतीचा हवालदार मारुतीराव ढोल घेऊन आला. मूळचा जांबोटीकडचा. बसऱ्याच्या पहिल्याच लढाईत मांडीत गोळी लागून परत आलेला. एक पाय ओढत चालायचा. आवाज मोठा, मिशी मोठी, पोरांना हसवायची हातोटी. चावडीसमोर त्यानं पोरं गोळा केली.

"चिखलात उभं ऱ्हाऊन पाय कुजवण्यापरास बुटात घाला की रं! आमची पलटण तिकडं आसं नाव काढाय लागलीया, की तुर्काची पोरं रातच्याला रडली की आया म्हंत्यात, गप ऱ्हा, मराठे येतील."

पोरं हसली. मग कुणीतरी मागून म्हणालं, "हवालदारसायेब, समदं खुशाल हाय म्हणता. मग बसवंताची बायको बोडक्या हातानं पाणी का भरतीया?"

मारुतीरावाच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी राहिलं, नुसतं डोळ्यातून गेलं. "कोण बसवंत?"

सांगितलं गेलं. त्यानं कोपऱ्याची सगळी गोष्ट ऐकून घेतली. ढोल परत वाजला, पण एकही पोरगं पुढं झालं नाही. एक भावकू सोडून. भावकू म्हणजे बसवंताचा धाकटा भाऊ. नुकती मिसरूड फुटलेली. त्याच्या डोक्यात एकच: आपण पलटणीत जायचं आणि दादाला हुडकून आणायचं.

"ये उद्या," मारुतीराव त्याला म्हणाला, "आईला इचारून."

बायाक्का काय सांगणार? तिनं मनुबाईकडं बघितलं. मनुबाई चुलीत फुंकत होती.

"वैनी, तू सांग," भावकू म्हणाला. "जाऊ का नको?"

"मला काय ठावं हाय, भावजी? एक कुटं हाय ते ठावं न्हाई, दुसऱ्याला काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मारुतीराव घरी आला. एकटा नव्हता. त्याच्याबरोबर ज्योतिबा कासार होता, खांद्यावर बांगड्यांची चळत, काखेत टोपली. पंचमीच्या तोंडावर कासार यायचाच, पण कधी हवालदाराबरोबर आलेला कुणी बघितला नव्हता. ज्योतिबाही अवघडलेला होता. तो अंगणात पटकुरावर बसला आणि कुणाकडं न बघता माळा सोडायला लागला.

"बाहेर या, आक्का," मारुतीराव ओट्यावर टेकत म्हणाला. "सुनंला बोलवा. सरकारनं धाडलंय ज्योतिबाला. तिला पायजे त्या भरू दे. पिवळ्या, हिरव्या, काय पायजेल ते."

मनुबाई दारात येऊन उभी राहिली. पदर दोन्ही हातांवरून घेतलेला.

"सरकारला माज्या हाताची काळजी कवापास्नं लागली?"

बायाक्का चपापली. सुनेचा आवाज तिनं परक्या पुरुषासमोर कधी ऐकला नव्हता. मारुतीरावही थोडा सावरून बसला.

"हे बघ पोरी, तुज्या बोडक्या हातामुळं उगीच वावड्या उठत्यात. लोकांस्नी वाटतं पलटणीचं कायतरी वंगाळ झालं. तुजा नवरा खुशाल हाय. मग बांगड्या नगंत व्हय?"

"खुशाल हाय न्हवं? कुटं हाय?"

"सरकारी कामावर."

"कवाची खुशाली ही? थंडीतली का आताची?"

मारुतीरावानं मिशीला हात लावला.

"मला काय हौस न्हाई अशी फिरायची," मनुबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. भात शिजला का बघताना बोलावं तसं ती बोलत होती. "भरते मी. आत्ता भरते. तुमी माज्या सासूच्या डोक्यावर हात ठिवून सांगा, आज त्ये जित्ते हायेत म्हणून. तुमच्या आईवानी हाय ती. ठिवा हात."

बायाक्का पुढं झाली आणि हवालदारासमोर खाली बसली, डोक्यावरचा पदर सारखा करून. मारुतीरावाचा हात मांडीवरच राहिला, गोळी लागली होती त्या जागेवर.

"मला सांगाय येत न्हाई, आक्का," तो म्हणाला. ढोलावरचा आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. "नोकरीवर घेतानाच आमास्नी शबूद बंद करून दिल्यात. पडलं म्हणायचं न्हाई. हरलं म्हणायचं न्हाई. शरण, कैद, उपास, काय म्हणायचं न्हाई. एक शबूद तोंडातनं गेला तर पट्टा काढून तुरुंगात. माजीबी पोरं हैत."

ज्योतिबानं उगीच काहीतरी करायचं म्हणून एक बांगडी टिचकी मारून बघितली, तर तिचे दोन तुकडे झाले.

"वाढली," सवयीनं तो म्हणाला आणि तुकडे टोपलीत टाकले.

मारुतीरावानं मान वर केली. "काय म्हणलास?"

"वाढली म्हणलो, सायेब. आमच्यात तसंच म्हंत्यात."

"ठावं हाय रं. मी काय सायबाच्या पोटचा हाय व्हय?" तो टोपलीतल्या तुकड्यांकडं बघत राहिला. मग त्यानं रस्त्याकडं नजर टाकली, कुणी नव्हतं. "ह्यो शबूद मातुर त्येनी बंद केल्याला न्हाई. त्येंच्या साहेबाला ह्यो येतच न्हाई."

तो ओट्यावरून खाली उतरला आणि बायाक्काच्या समोर मातीत बसला, दुखरा पाय लांब करून.

"कूत म्हणून एक ठाणं हाय, पोरी. नदीच्या वळणात. आपली पलटण तिथं गेलती. मार्गशीर्षात तुर्कानं चारी अंगानी घर झाकल्यावानी झाकलं. संक्रांत आत झाली, शिमगा आत झाला. दाणा न्हाई, वैरण न्हाई. घोडी कापली. आपल्या पोरांनी त्ये खाल्लं न्हाई म्हंत्यात; मागनं खाल्लं का काय, मी बघाय न्हवतो." इथं तो थांबला. पुढचं बोलण्याआधी त्यानं तोंडातल्या तोंडात शब्द जुळवून बघितला असावा. "चैत्र सरताना... त्ये ठाणं वाढवलं."

मनुबाईला कळलं. बायाक्कालाही कळलं; तिच्या तोंडून बारीक आवाज निघाला आणि तिनं तो पदरात धरला. कुठल्या साहेबाच्या कात्रीला कळला नसता असा तो शब्द होता, आणि या दोघींना त्याचा अर्थ कुणी सांगावा लागला नाही.

"आन् माणसं?" मनुबाई म्हणाली.

"बांगडी वाढली तरी हात ऱ्हातो न्हवं, पोरी? हात हाय. तुर्काच्या मुठीत हाय. लांब, वाळवंटातनं चालवत नेलं म्हंत्यात. त्यातली बोटं किती शिल्लक हैत, मला ठावं न्हाई. आईशपथ न्हाई. सरकारलाबी ठावं न्हाई. फकस्त ठावं न्हाई म्हणून सांगायची बंदी हाय."

त्यानं बायाक्काच्या पायाला हात लावला आणि चटकन काढून घेतला. ती मात्र हुंदका देत होती की देवाचं नाव घेत होती, कळत नव्हतं. इतके दिवस तिनं फक्त दोनच गोष्टी मनात धरल्या होत्या, आहे आणि नाही. ही तिसरी ठेवायला तिच्याकडं जागा नव्हती.

मनुबाई पायरी उतरून ज्योतिबासमोर येऊन बसली. पदरातून तिनं डावा हात काढला आणि पुढं केला.

"भरा, काका. हिरव्याच."

ज्योतिबाचा जीव भांड्यात पडला. त्यानं तिचा हात हातात घेतला, बोटं दाबून जवळ आणली, अंगठ्याचा सांधा आत वळवला आणि एकेक बांगडी चढवली, न दुखवता, जशी त्याची ख्याती होती. चैत्रापासून बोडका राहिलेला हात काच लागल्याबरोबर शहारला. मनुबाईनं डोळे मिटून घेतले. डावा हात भरला, तशी ज्योतिबानं उजव्यासाठी आपला पंजा पसरला.

मनुबाईनं उजवा हात पदराखालीच ठेवला.

"त्यो ऱ्हाऊ दे."

"आं? आगं, एका हातात भरून कोण उठतं? अशुभ हाय ते. मला पाप लागंल पोरी."

"जेवढं कळलं तेवढं भरा, काका," ती म्हणाली. "न कळल्याचं मी कशाला भरू?"

ज्योतिबानं बायाक्काकडं बघितलं, सासू काहीतरी बोलेल म्हणून. बायाक्कानं डोळे पुसले. सुनेचा एक हात तिनं बघितला आणि मग दुसरा. "तिला जसं पायजे तसं," ती म्हणाली.

"पोरी, हे काय केलंस?" मारुतीराव उठता उठता म्हणाला. "मी सायबाला जाऊन काय सांगू?"

"बांगड्या भरल्या म्हणून सांगा. खोटं हाय व्हय?"

त्याला हसू आलं, ढोलावरचं नव्हे, दुसरंच कुठलं तरी, आणि पाय ओढत तो निघाला. गोठ्यापाशी भावकू उभा होता. सगळं ऐकलेला. मारुतीराव त्याच्यासमोर थांबला. त्याला ये म्हणणं हे त्याचं काम होतं, आणि नको म्हणायची त्याला मनाई होती. त्यानं नुसतं त्याच्या खांद्यावरचं गवत झटकलं आणि रस्त्याला लागला.

"मी जाऊन दादाला हुडकला असतो," भावकू आईला म्हणाला, पण आवाजात कालच्यासारखा जोर नव्हता.

"त्येला कोंडलाय तिथं तूबी जाऊन बस, म्हंजी दोगं एकमेकाला घावशीला," बायाक्का म्हणाली. "बैल सोड. पाणी दाव त्येस्नी."

त्यानं बैल सोडले.

*

दुसऱ्या दिवशी मनुबाई विहिरीवर गेली तेव्हा तिनं पदर हातांवरून घेतला नाही. डाव्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, उजवा हात मोकळा. रहाट ओढताना डावा हात वाजायचा, उजवा गप्प. बायका बघत होत्या. बोडके हात त्यांना आता सवयीचे झाले होते. भरलेले दिसले असते तर त्यांनी कानशिलावर बोटं मोडली असती. पण असं काही त्यांनी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं, आणि न विचारता राहणं त्यांच्यातल्या कुणालाच जमणारं नव्हतं.

हेच मनुबाईला हवं होतं. रात्रभर तिनं हा विचार केला होता. बोलायला मारुतीरावाला बंदी होती, मास्तरांना होती, पेपरवाल्याला होती. तिला कुणी बंदी घालायला आलं नव्हतं. बाई काय बोलणार, असं सरकारला वाटलं असावं. पण आपण होऊन सांगत फिरलं तर ती चहाडी झाली असती. विचारल्यावर सांगण्याला चहाडी म्हणत नाहीत.

पहिली राजाबाई आली. घागर कमरेवर, दोन्ही हात मनगटापासून भरलेले.

"अगं बया! हे काय गं सोंग? एकाच हातात?"

"व्हय."

"कासाराकडच्या सरल्या व्हय? का दुसऱ्या हातानं पुण्य केलं न्हाई?"

मागच्या दोघी खिदळल्या. मनुबाई हसली नाही. तिनं घागर खाली ठेवली. विहिरीवर येईपर्यंत राजाबाईच्या नवऱ्याचा विचार तिच्या मनात आला नव्हता. आता एकदम आला. तीच पलटण. तीच आगबोट. क्षणभर तिला वाटलं, सांगू नये. हसून काहीतरी बोलावं आणि पाणी घेऊन घरी जावं. राजाबाईचे दोन्ही हात भरलेले होते, तिला रात्री झोप येत होती.

मग तिला वाटलं, कार्डाचा कोपरा कापणाऱ्यानंही असंच काहीसं मनाशी म्हटलं असेल.

"राजाक्का," ती म्हणाली, "कूत म्हणून एक ठाणं हाय, नदीच्या वळणात. त्ये पडलं."

हा शब्द तिनं मुद्दाम वापरला. ज्याला बंदी होती तोच.

राजाबाईच्या चेहऱ्यावरची थट्टा तशीच राहिली, विसरल्यासारखी. "कुणाचं ठाणं?"

"आपलं. आपली समदी माणसं हुती त्यात. तुर्कानं कैद करून न्हेलं. जित्ती किती हायेत, कुणाला ठावं न्हाई."

मागच्या दोघींचं हसणं थांबलं. राजाबाईनं घागर ठेवायला जागा शोधली, सापडली नाही, मग तशीच मातीत ठेवली आणि तिच्याशेजारी बसली. बराच वेळ ती आपल्या हातांकडं बघत होती. एक बांगडी पुढं सारायची, परत मागं.

"कशाला सांगितलंस गं मला?" ती म्हणाली. रागानंच.

सांगायला नको होतं असंही मनुबाईला वाटत नव्हतं, आणि सांगून बरं केलं असंही. ती उठली नाही, एवढंच. रहाटाचा दोर वाऱ्यानं हलत होता. कुणीतरी पाणी ओढायला आलं आणि दोघींना बघून घागर घेऊन लांब उभं राहिलं.

राजाबाईनं नाक पुसलं, पदर आवळला.

"कोण म्हणालं तुला? हवालदार?"

"व्हय."

"सगळं म्हणाला?"

"जेवढं त्येला ठावं तेवढं."

"मग मला असं तुटक नको सांगू," राजाबाई म्हणाली आणि तिच्याकडं सरकून बसली. "पयल्यापासनं सांग. नदी कुठली म्हणालीस?"